काही तक्रार नाही
मिनेसोटातल्या आर्लिसची लेक ब्रिटा गळ्यात बसवलेल्या नळीतून श्वास घेते. सरकारी विम्याच्या बाईंनी फोनवर "मुलगी कशी आहे?" विचारलं, तेव्हा रडगाणं न गाण्याच्या तिकडच्या रीतीप्रमाणे आर्लिस म्हणाली, "छान! काही तक्रार नाही." तेवढ्यावर विम्यातून मिळणारी रात्रीची नर्स बंद झाली.

"धन्य आहेस वहिनी! घर पेटलं तरी म्हणशील, जरा ऊब आलीय," नणंद चिडली. तिनेच अपील करायला लावलं.

सुनावणीही फोनवरच होती. अधिकाऱ्यांनी तेच विचारलं. शेजारी ब्रिटा ऐकत होती. तिचा हात धरून आर्लिस म्हणाली, "साहेब, नळी तुंबली की तिला हाकसुद्धा मारता येत नाही. माझा डोळा लागला, तर ती उद्याची सकाळ बघणार नाही."

ब्रिटाने हळूच हात सोडवून घेतला.