गोलकीपरच्या मामाची उंची

ती घटना आजही आठवते, आणि आजही ती मला पुरती समजली आहे असं वाटत नाही. गुन्हा दाखल झाला नाही, कुणाला अटक नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही. स्टेशन डायरीत पाच-सहा ओळींची नोंद, बस्स. नोकरीतली मोठमोठी प्रकरणं विसरलो आणि हे मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. त्या दिवसांत ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. टोळी कुठेच नव्हती, पण लोकांना कोण सांगणार? भंगारवाला, भिकारी, पत्ता चुकलेला कुरिअरवाला, ज्याला त्याला धरून लोक आमच्याकडे आणत. आम्ही त्यांना चहा पाजून मागच्या दाराने सोडायचो.

एका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास नियंत्रण कक्षाकडून निरोप आला. एका बाईने फोन केला होता. मैदानाच्या गेटवर निळी टोपी घातलेला माणूस तीन दिवस एकाच मुलावर नजर ठेवून आहे, त्याच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन आला आहे, मुलाला पळवणार आहे. नाव विचारलं तर बाईने फोन कट केला. आमच्या ठाणे अंमलदाराने त्या नंबरवर लावून पाहिला, तर बंद.

गस्तीवरचे बीट मार्शल पोचेपर्यंत लोकांनी त्या माणसाला दोन-चार ठेवून दिल्या होत्या. त्याला ताब्यात घेऊन माझ्यासमोर आणलं तेव्हा टोपी गायब आणि गाल लाल. पन्नाशीचा गृहस्थ, राहायला दहिसरला. ओळखपत्र मागितलं तर आधार कार्ड दिलं, कामाचं काही नाही. झडतीत निघालं काय, तर शिंप्याकडे असते तशी टेप, एक वही आणि मोबाइल. मोबाइलमध्ये एकाच मुलाचे बावीस व्हिडिओ. मुलगा गोलपोस्टमध्ये उभा. काही व्हिडिओंत तर बॉल दुसऱ्या टोकाला, आणि हा नुसता त्या मुलालाच टिपतोय.

माझं डोकं तापलं. वही उघडली. त्यात लिहिलं होतं : ‘बूट ९. तळहात मोठे. आई ५-१. बाबा? मामा??’

“हे काय आहे?” मी विचारलं.

“साहेब, मी फुटबॉल बघतो.”

“फुटबॉल बघायला टेप लागते?”

एवढ्यात आमचा हवालदार बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याला घेऊन आला. तो बिचारा हात जोडून सांगू लागला, “साब, ये आदमी आया, बोला उस लडके के पप्पा का पँट दिखाओ. मैंने दिखाया. तो इसने पँट को टेप लगाया और वापस दे दिया.”

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत पँट चोरणारे पाहिले होते. पँट मोजून परत देणारा हा पहिलाच. बिल्डिंगच्या वॉचमनने आणखी भर घातली. या माणसाने त्याला विचारलं होतं, मुलाचा मामा कधी येतो का, आणि तो उंच आहे का.

“बापाची पँट, मामाची उंची,” मी म्हणालो, “स्थळ बघायला आलायस काय रे? पोराची पत्रिका पण मागितलीस का?”

हवालदार हसला. तो माणूस हसला नाही. शेवटी म्हणाला, मी एका क्लबसाठी मुलं शोधतो. क्लबचं नाव सांगायला तयार नाही. दम दिल्यावर सांगितलं. आम्ही फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. म्हटलं, संपलं! आता हा खोटारडा पक्का. पण वीस मिनिटांनी त्याच क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाचा माझ्या टेबलावर फोन. “साहेब, माणूस आमचाच आहे. ऑफिसात कुणाला माहीत नाही. प्लीज, तो कुठला मुलगा बघत होता ते बाहेर जाऊ देऊ नका.”

हा काय प्रकार? फुटबॉल आहे की गुप्तहेर खातं? आता मी त्याला खुर्ची दिली आणि ‘तुम्ही’वर आलो. चहा आल्यावर त्याची जीभ मोकळी झाली.

“साहेब, ओळख सांगितली की वाट लागते. कोच आपल्या ओळखीची चार पोरं पुढे करतो. आई-बाप पोराला गेटवरच रट्टे देतात, नीट खेळ म्हणून. आणि दुसऱ्या क्लबच्या माणसाला वास लागला की तो आधी जाऊन फॉर्म भरून घेतो. म्हणून आम्ही गपचूप बघतो. बॉल लांब असताना पोरगा काय करतो, तेच बघायचं असतं. हा पोरगा झकास आहे साहेब. तेरा वर्षांचा, पण गोलमधून सगळ्या टीमला ओरडून जागेवर ठेवतो.”

“मग घ्या त्याला. पँट कशाला मोजता?”

“गोलकीपर आहे ना साहेब. क्लब त्याला ठेवून घेणार, तीन-चार वर्षं खायला-प्यायला घालणार, शिकवणार, आणि सतराव्या वर्षी पोरगा पाच-चारवर अडकला तर? म्हणून आई-बापाची उंची बघतात. या पोराचं माझं गणितच बसत नाहीये. बूट नऊ नंबरचा, तळहात माझ्याएवढे, आणि बापाच्या पँटची लांबी छत्तीस इंच! बाप पाच-दोनच्या वर नसणार. म्हणून म्हटलं, मामा बघू. पोरगं मामावर जातं म्हणतात ना. नाहीतर वहीत काट मारायची आणि दुसरा बघायचा. आणखी एक कळत नाही. एवढा चांगला पोरगा, पण शाळेच्या टीममध्ये नाव नाही, जिल्ह्याकडे नाही. कुठे फॉर्मच भरलेला नाही.”

माणूस खरा वाटला. फक्त पालकांचा जबाब घ्यायचा, काही तक्रार नाही असं लिहून घ्यायचं आणि विषय संपवायचा, असं मी ठरवलं. मुलाला ठाण्यात आणू नका म्हणून बजावलं आणि दोघांना बोलावणं धाडलं.

नवराबायको आली. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक, बुटका, हसतमुख, सिंधुदुर्गाकडचा. आजोबा गिरणीत होते म्हणाला. बाई एका दवाखान्यात रिसेप्शनला. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “आमची काही तक्रार नाही. आम्हाला काही माहीत नाही. जाऊ द्या आम्हाला.”

ठाणे अंमलदाराने जबाबासाठी तिचा मोबाइल नंबर लिहायला घेतला आणि मध्येच पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. नियंत्रण कक्षाला आलेला फोन त्याच नंबरचा होता.

आता मला काहीच कळेना. आई स्वतः फोन करते, नाव सांगत नाही, फोन बंद करून ठेवते, आणि माणूस सापडल्यावर म्हणते तक्रार नाही? नवऱ्याला विचारलं तर तो माझ्यापेक्षा जास्त गोंधळलेला. “तू फोन केलास? मला का नाय बोललीस?” मला संशय आला, बाई या माणसाला ओळखते. मी आवाज चढवला, आणि तिथे चुकलो. तिने तोंडच मिटून घेतलं. आमच्या महिला उपनिरीक्षकाने मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं. वरिष्ठ मी होतो, तरी गेलो. दहा मिनिटांनी तिने मला आत बोलावलं. बाई पदराने डोळे पुसत होती.

“तिनेच पाठवलाय ना त्याला?” बाईने मला विचारलं.

“कुणी?”

“त्याच्या आईने.”

मुलाची आई तर माझ्यासमोर बसली होती. मी उपनिरीक्षकाकडे पाहिलं. तिने हळूच नकारार्थी मान हलवली.

मग सगळं बाहेर आलं. मुलगा या बाईच्या भावाचा. मूल आठ महिन्यांचं असताना भाऊ हायवेवर बाइकच्या अपघातात गेला. भावजय बावीस वर्षांची. माहेरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावलं, आणि मूल आत्याने पदरात घेतलं. दत्तकाचा कागद काही केला नाही. घरातलाच मामला, कागद कशाला? मग यांनी लालबागची खोली सोडली आणि कुणी ओळखणार नाही म्हणून इकडे राहायला आले. शाळेत प्रतिज्ञापत्रावर भागलं. जन्मदाखल्यावर मात्र बाप म्हणून भावाचंच नाव होतं. त्यामुळे दाखला मागणारा प्रत्येक फॉर्म या बाईने फाडून टाकला होता, फुटबॉलचेसुद्धा. मुलगा रुसायचा, ती म्हणायची, अभ्यास कर. भिंतीवर भावाचा फोटो होता. मुलगा त्याला मामा म्हणायचा.

आणि अशा घराच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन वॉचमनला विचारतो, मामा कुठे असतो, उंच आहे का! तिला वाटलं, इतक्या वर्षांनी मुलाला न्यायला माणूस आला.

मी तिला समजावून सांगितलं. हा माणूस कुणी पाठवलेला नाही, तो गोलकीपर शोधतोय. उंचीचं गणित सांगितलं.

“म्हणजे तो चांगला खेळतो?” ती म्हणाली. तिने त्याचा एकही सामना पाहिला नव्हता.

“चांगला म्हणजे?” नवरा म्हणाला. “अगं, मी सांगून सांगून थकलो तुला!”

“आणि आता घेणार नाहीत त्याला?”

“यांची उंची बघून नाही घेणार,” मी म्हटलं. नवऱ्याने मान खाली घातली. कुणी काही केलं नसताना त्या भल्या माणसाला अपराध्यासारखं बसलेलं बघून मला वाईट वाटलं. कायद्याने यात माझं काही काम उरलं नव्हतं.

ती उठली आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. “लिहा,” म्हणाली, “मामा सहा फूट एक इंच.” त्याने घाईघाईने वही काढली आणि लिहिलं. हात-पायांचं गणित एकदाचं जुळलं म्हणून तो एवढा खूश झाला की गालावरची सूजही विसरला. उंची सांगताना बाईचा आवाज कापला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

चाचणी झाली, मुलाची निवड झाली. पण नोंदणीसाठी क्लबला जन्मदाखला लागणारच होता. एके दिवशी नवरा ठाण्यात आला. “साहेब, रविवारी त्याला सांगणार आहोत. तुम्ही पण या ना. आम्हाला दोघांना नाय जमणार.” मी म्हटलं, मी पोलीस, मी तिथे काय करू? तो म्हणाला, “नुसते बसा.”

म्हणून एका रविवारी सकाळी साध्या कपड्यांत मी त्यांच्या घरी बसलो. समोर घावणे आणि चहा. मुलगा पहिल्यांदाच जवळून पाहिला. लांब हात, घोट्याच्या वर गेलेली ट्रॅक पँट. बाईने दाखला त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मध्ये एकदा रडली, पण थांबली नाही. मुलाने दाखला वाचला. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

“म्हणजे मी सहा फूट होणार?” तो म्हणाला.

बाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग रडता रडता इतकी हसली की तिला ठसका लागला. नवराही हसायला लागला. मीही हसलो. मनात म्हटलं, सुटलो! मुलं आपण समजतो त्यापेक्षा घट्ट असतात. अशी छान समजूत करून घेऊन मी उठलो.

मुलगा मला सोडायला खाली गेटपर्यंत आला. मी म्हटलं, “बरंय, खेळ आता.” तो जाईना. चपलेने जमीन उकरत उभा राहिला.

“सर, ती... ती जी होती, तिने कधी विचारलं का माझ्याबद्दल?”

जन्मभर मी प्रश्न विचारत आलो. उत्तर देण्याची वेळ क्वचित आली. मी म्हटलं, “मला माहीत नाही रे.” ते खरं होतं. त्याने मान डोलावली, “आईला नका सांगू मी विचारलं म्हणून,” असं म्हणाला आणि जिना चढून गेला.

नव्या अधिकाऱ्यांना मी हे प्रकरण सांगत असे. माणूस ज्याच्याविरुद्ध फोन करतो त्यालाच घाबरलेला असतो असं नाही, हे मी इथे शिकलो. आणि चार माणसांत दिलेलं पहिलं उत्तर बहुतेक वेळा त्या चार माणसांसाठी असतं, हेही. पण तो गेटवरचा प्रश्न मी त्यांना कधी सांगितला नाही. त्याच्या जन्मदात्या आईचं दुसरं सासर शोधायला मला दोन फोन पुरले असते. एकदा रिसीव्हर उचललाही होता. तिने विचारलं असेल तर काय, आणि नसेल विचारलं तर पोराला काय सांगणार, या विचाराने तो खाली ठेवला. माझं चुकलं की बरोबर होतं, अजून ठरत नाही.