पुलाव परत गेला

कालव्यावरची फळी पाण्याने वाहून गेली, त्याला दोन वर्षं झाली. नवा पूल कुणी बांधला नाही. पोरं दगडादगडांवरून उड्या मारत शाळेत येत. मार्चमध्ये एक मुलगा घसरला. वाचला, पण दप्तर गेलं.

दुसऱ्या दिवशी बुरुल्कान एजेंनी, म्हणजे शाळेतल्या बाईंनी, तिसरीच्या वर्गाचा गणिताचा तास घेतला नाही. "कालवा किती रुंद आहे, मोजून या," एवढंच सांगितलं.

बुरुल्कान एजे तीस वर्षं त्याच शाळेत होत्या. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. गप्प बसायला तेवढं कारण पुरे होतं.

पोरांनी घरोघर जाऊन सांगितलं, शनिवारी आशार आहे. आशार म्हणजे ज्याला जमेल त्याने यायचं, राबायचं आणि एकाच कढईतून जेवायचं. सात जणांचे बाप आले. कुणी पॉप्लरचे ओंडके आणले, एकाने ट्रॅक्टर आणला. पोरांनी काठ पक्का करायला दगड वाहिले. घराघरातून एक गाजर, एक कांदा, हाडाचा तुकडा असं आणून कढईत शोर्पोचा रस्सा चढवला.

दुपारी ओंडके कालव्यावर आडवे पडले, तेवढ्यात गावप्रमुख शामीरबेकची गाडी आली. मागे पुलावाची भलीमोठी कढई आणि त्याच्या नावाचा रंगवलेला फलक. निवडणुकीला महिना होता.

"एजे, पोरं दमली असतील. जेवू द्या."

मांसाचा वास सुटला. पोरांनी एजेंकडे पाहिलं. ज्याची कढई, त्याचा आशार, हे गावात शेंबडं पोरही जाणतं.

अन्नाला नाही म्हणणं पाप. एजे पुढे झाल्या, पुलावाबरोबर आलेल्या रोटीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अन्नाचा मान राखला, बायके. कढई घेऊन जा." बायके म्हणजे दादा; मानाच्या माणसाला गावात असंच म्हणतात.

"एवढ्या लोकांसमोर?"

"तुम्ही फलकही एवढ्या लोकांसमोरच लावणार होता ना?"

ट्रॅक्टरवाला खो-खो हसला. शामीरबेक फलक उचलून पुलाकडे निघाला. पोरं पुलावर बसून शोर्पो पीत होती. एकही हललं नाही. तिसरीतल्या ऐझिरेक नावाच्या मुलीने वाडगा खाली ठेवला आणि दगडांची टोपली त्याच्याकडे सरकवली.

"बायके, एक खेप करा. मग तुम्हालाही वाडगा."

त्याचे बूट नवे होते. टोपलीकडे पाहून तो फलक घेऊन वळला आणि कढई पुन्हा गाडीत चढवायला लावली.

"एजे, सोमवारपासून शाळेला तुमची गरज नाही."

"कळवा लेखी."

रात्री नवरा म्हणाला, "दोन वर्षं तोंड बंद ठेवता आलं नाही का गं?"

"तीस वर्षं त्यांना सांगतेय, हात वर करा, विचारा. मी स्वतः कधी करणार?"

सोमवारी खरोखरच पत्र आलं. शिक्का, सही, सगळं. एजेंनी ते ऐझिरेककडे दिलं.

"मोठ्याने वाच."

तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. पान उलटून मागची बाजूही पाहिली.

"एजे, यात कारणच लिहिलेलं नाही."

"मग?"

एक हात वर झाला. मग आणखी.

"विचारायला पाहिजे," मागच्या बाकावरून कुणी म्हणालं.

"विचारा. जिल्ह्याला अर्ज लिहायचाय. वरती तारीख, मग कुणाला लिहिताय ते." एजेंनी खडू ऐझिरेकच्या हातात दिला. "घंटा होईपर्यंत मी इथेच आहे. पहिली ओळ तू लिही."