राहुकाळात सुटलेली घोडी

मागच्या गुरुवारी माझ्या वहीत सकाळची एकच ओळ आहे: ‘आज इंद्रभानभाऊ पुण्याला घोडा घ्यायला गेले. मला नेलं नाही. बरं केलं.’

देऊळघाटचे इंद्रभान सव्वीस वर्षं पुण्यात शर्यतीच्या तबेल्यात सईस होते. घोडा चोळायचा, फिरवायचा, तोंडाला बांधायचा त्याचा दाण्याचा तोबरा भरायचा आणि तो जिंकला की लगाम धरून फोटोच्या कडेला उभं राहायचं. गुडघे गेले तसे गावी आले आणि बुलढाण्यात एका मंगल कार्यालयाच्या गेटवर, प्लास्टिकच्या खुर्चीत राखणीला बसू लागले. गेल्या वर्षी एका लग्नात पंगत लांबली. आमचे हे आणि भाजीचे व्यापारी उकंडराव भुकेनं गेटपर्यंत आले आणि इंद्रभानभाऊंशी बोलत बसले. पंगत बसेपर्यंत दोघांना शर्यतीचा घोडा घ्यायचं वेड लागलेलं होतं. आठ जणांनी मिळून एक घोडा घ्यायचा, असं मंडळ ठरलं. माझ्या भजनी मंडळात तेरा बायका आहेत आणि आमचं सतरंजीवरही एकमत होत नाही. पण पुरुषांना कोण सांगणार!

बैठक आमच्याच घरी झाली. नवं शिंगरू घ्यावं की शर्यतीत पळालेला घोडा, यावर वाद. इंद्रभानभाऊ उकंडरावांना म्हणाले, “शिंगरू म्हंजे वांग्याचं रोप. वांगं लागते का कीड, कोनाले मालूम? पळालेला घोडा म्हंजे टोपल्यातलं वांगं. दाबून पाहा, मंग घ्या.”

उकंडरावांना एकदम पटलं. तरी व्यापारीच ते. म्हणाले, “एक हंगाम पाहू. घोडा पळाला तं ठीक, नाही तं मंडळ खल्लास.”

इंद्रभानभाऊंनी गेटवरची खुर्ची सोडली. त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, सव्वीस वर्सांत याहीले कोनं इचारलं नाही का घोडा कोनता घेऊ. तुमीच पयले. आता पुन्हा त्या खुर्चीवर बसाची पाळी आली तं मानूस खचून जाईन.”

हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं वाचायचं असतं, ते मात्र मला सुचलं नाही.

पुण्यात घोड्यांची बोली होती त्या आठवड्यात ह्यांची कंबर धरली. बोलीची पाटी ह्यांच्या नावाची, म्हणून इंद्रभानभाऊंबरोबर ह्यांच्या जागी मी निघाले. सोबत दशम्या, अंगारा आणि खिशात मावणारं पंचांग.

इंद्रभानभाऊंची घोडा पाहायची रीत मी तिथं पाहिली. लोक घोड्याचं तोंड आणि चाल पाहत होते. भाऊ सकाळीच, कुणी किती खाल्लं ते कळावं म्हणून, तोबरे पाहत फिरले. मग खाली बसून एकेकाचे पुढचे पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत तळव्यानं चाचपत. “पळालेल्या घोड्याची दुखापत पायात गरम लागते, ताई. कागदावर नाही दिसत.” मग जुन्या सइसाला तंबाखू देऊन विचारत, “शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी खाते का?”

त्यांनी एक तांबडी घोडी निवडली. फासळ्या दिसत होत्या, कान पडलेले, शेपटीला गुंता. मी म्हटलं, “भाऊ, ही तर आजारी वाटते.”

“मले तोंड नाही समजत, मले पाय समजते. पाय थंडगार हायेत. तोबरा चाटूनपुसून. हेच घ्याची.”

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. आणि घोडी बोलीला आली तीनला दहा मिनिटं कमी असताना.

“ताई, पाटी!”

मी पाटी पर्समध्ये घातली आणि चेन लावली. “दहाच मिनिटं थांबा.”

“काऊन?”

“राहुकाळ आहे. काही खरेदी करू नये.”

“ताई, तो मानूस थांबनार हाय का?”

बोली पुकारणाऱ्याकडे पंचांग नसावं. चार मिनिटांत घोडी दुसऱ्यांची झाली. इंद्रभानभाऊंनी नुसता आपला तळवा धोतराला पुसला.

सव्वातीनला एक पांढराशुभ्र घोडा आला. गळ्याखाली केसांचा भोवरा, देवमण म्हणतात तो. शुभ लक्षण! माझे हात आपोआप जोडले गेले, आणि जोडलेल्या हातांत तीननंतर पर्समधून काढलेली पाटी होती. इंद्रभानभाऊ “ताई, तोबरा अर्धा—” म्हणेपर्यंत घोडा आमचा झाला. वहीत मी त्या दिवशी लिहिलं: ‘राहुकाळ टळला. देवानं मोठ्या अनर्थातून वाचवलं.’

पांढरा पहिल्या शर्यतीत शेवटचा आला. दुसऱ्या शर्यतीतही शेवटचाच, पण दिसायला फार सुंदर. तिसरी तांबड्या घोडीनं जिंकली. आमचा त्याच शर्यतीत होता. तो कधी पोचला हे टीव्हीवर दाखवलंसुद्धा नाही.

मंडळाची बैठक पुन्हा आमच्या घरी. उकंडरावांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. “वांगं दाबून घ्या म्हने! हे काय दाबलं बे तुनं? सडकं आनलं. मोडा मंडळ!”

मी दारातून पाहिलं. इंद्रभानभाऊ खाली मान घालून बसले होते. “हाव, चुकलं,” एवढंच म्हणाले. माझं नाव नाही, पर्सचं नाव नाही. कंबर धरून बसलेले आमचे हेसुद्धा मान हलवत होते.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मनात म्हटलं, रोज नामस्मरण करते आणि दुसऱ्याला खोटं पडू देते! ट्रे ठेवला, आतून वही आणली आणि त्या गुरुवारचं पान सगळ्यांपुढे वाचलं. घोडीचे थंड पाय, पर्सची चेन, देवमण, अनर्थ, सगळं.

मग उकंडराव हळूच म्हणाले, “वयनी, तांबडीले पाह्यलं होतं यानं?”

“पहिलं तिलाच.”

“मंग मंडळ नाही मोडत,” उकंडराव म्हणाले. “पन पाटी याच्या हाती. अन् वयनी घरी!”

इंद्रभानभाऊ पहिल्यांदा हसले. “ताईले पांढऱ्याचं तरी श्रेय द्या जी. देवमण हाय, वरातीले चालते.”

आणि खरंच, पांढरा आता वरातीत असतो. गेल्या महिन्यात इंद्रभानभाऊंच्याच जुन्या गेटवर नवरदेव घेऊन आला. वरातीत कुणाला घाई नसते, त्यामुळे त्याचं फार कौतुक होतं. माझी निवड त्या अर्थानं चुकली नाही, असं मी अजून मधून मधून म्हणून पाहते. कुणी दाद देत नाही.

तर मागचा गुरुवार. दुपारी फोन आला. मागे बोलीचा गलका.

“ताई, घोडी हाय एक. पुढच्या पुकाऱ्याले येते. अडीच वाजले, तुमचा राहू चालू हाय. काय म्हनता?”

विचारायची त्यांना गरज नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाठ फिरवली.

“पाय कसे आहेत?”

“थंड.”

“तोबरा?”

“चाटूनपुसून.”

“मग मला काय विचारता? पाटी वर करा.”

पाच मिनिटांत पुन्हा फोन. “आली, ताई!” मागे कुणीतरी त्यांना ‘साहेब, इथं सही करा’ म्हणत होतं.

मी देवापुढे साखर ठेवली. हे आतून ओरडून विचारत होते, काय झालं, काय झालं. तीन वाजेपर्यंत मात्र मी त्यांना सांगितलं नाही.