क्यूटी, होल्टर आणि नानांची छाती

श्रीवर्धनला माझा दवाखाना आहे. ईसीजीच्या पट्ट्या पेशंट घरी घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच ठेवून जातात. असे किती साठलेत म्हणून सांगू!

*

एक मावशी नवऱ्याच्या पट्टीकडे बघून घाबरल्या. "डॉक्टर, ही रेघ येवढी वरखाली कशाला? सरळ येईल असं औषध द्या!"

मी म्हणालो, "मावशी, रेघ सरळ आली की औषध लागतच नाही."

"मग तेच द्या ना!"

*

वामनकाकांची सुपारीची वाडी. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. पट्टी बघून मी म्हणालो, "काका, क्यूटी जरा जास्तच आहे हं!"

काकू खो खो हसल्या. "हे आणि क्युटी? इतकी वर्षं संसार केला, मला कसे दिसले नाहीत?"

मी समजावलं, ठोका पडल्यावर हृदय पुन्हा तयार व्हायला वेळ घेतंय, लय बिघडू शकते. काकूंचा चेहरा उतरला. काकांची एक गोळी त्याला कारण होती, ती बदलली.

पुढच्या खेपेला काकूंनीच विचारलं, "उतरला का क्यूटी?"

"उतरला."

"अगदी सगळा नका उतरवू हो!"

*

एका ट्रकवाल्याच्या छातीवर दिवसभराचे ठोके टिपणारं होल्टर मशीन लावलं. बजावलं, "रोजची सगळी कामं करा." रिपोर्ट इतका शांत, की मलाच शंका आली.

"काय केलंत दिवसभर?"

"झोपून व्हतो. परीक्षेच्या दिवशी दंगा कोण करतो, साहेब?"

*

नाना आणि त्यांचा धाकटा भाऊ दत्ता. दोन वाड्यांमधल्या कुंपणावरून बोलणं कायमचं बंद. नानांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. आता पट्टीत क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा उंच सुळका, रुंद झालेला, होल्टरमध्ये धोकादायक ठोक्यांची माळच! लय बिघडली तर आतून झटका देणारं मशीन मुंबईला जाऊन बसवणं भाग होतं.

"मुंबईला?" नाना ओरडले. "माझ्याबरोबर कोण येणार? माझं कोण आहे?"

दत्ता बाहेर बीपी तपासायला बसला होता. पडदा सारून आत आला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, यांना सांगा, सकाळी गाडी काढतो."

नानाही माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्याला सांगा, हळू चालवणार असेल तरच!"

दोघांमध्ये हातभर अंतर. निरोप्या मी!

मशीन बसलं. महिन्याभराने नाना तपासणीला आले, दत्ताच्याच गाडीतून. मी विचारलं, "मग, आता बोलता की नाही?"

"छे! मशीन छातीत बसवलंय, तोंडात नाही!"

नाना बाहेर गेले. दत्ताने गाडीचं पुढचं दार उघडलं. नाना बसले. दत्ताने वाकून त्यांचा पट्टा लावला, डाव्या छातीवरची जखम सांभाळून.