बेसमेंटमधली रोडावलेली हॅम्स्टर

"डॉक्टर, हिने तिला उपाशी ठेवलंय!" अलकाताईंनी पिंजरा माझ्या टेबलावर आदळला.

आत मुठीत मावेल एवढी हॅम्स्टर, उंदरासारखा पाळीव जीव. 'हिने' म्हणजे सायलीने. मूळची संगमनेरची, इथे कॉलेजात शिकणारी, अलकाताईंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी. ती दाराशी जॅकेटची चेन खालीवर करत उभी होती. कॅनडातल्या एडमंटनचा डिसेंबर, भर दुपारी कलंडलेला उजेड आणि बाहेर आपापले प्राणी घेऊन ताटकळलेले लोक. माझा पाय सारखा हलत होता.

अलकाताईंच्या मुलीने दोन सख्ख्या हॅम्स्टर बहिणी पाळल्या होत्या. उन्हाळ्यात त्या एकमेकींना चावायला लागल्या, म्हणून एक बेसमेंटमध्ये गेली आणि तिला खायला घालायचं काम सायलीकडे आलं. वरची आता गोल गरगरीत, करडी. खालची नुसती हाडं, शिवाय केसही पांढरे पडलेले.

"मी हिला रूम सोडायला सांगितलंय. एवढासा जीव सांभाळता येत नाही, ट्रस्ट कसा करायचा?"

"काकू, मी रोज घालते हो. शिफ्टला जायच्या आधी, न चुकता." सायली म्हणाली.

मी दात पाहिले. ते वाढले की हॅम्स्टरला खाता येत नाही. दात ठीक. या जातीत डायबेटिस बराच होतो, म्हणून लघवीतली साखर तपासली. तीही ठीक. पोटात गाठ नाही. मी चिडले, स्वतःवरच. 'पंधरा दिवस बघू' म्हणणं सोपं होतं, पण या भर थंडीत त्या पोरीने पंधरा दिवस काढायचे कुठे?

गाल चाचपले. दाणे साठवायच्या आतल्या पिशव्या सूर्यफुलाच्या बियांनी ठासून भरलेल्या. म्हणजे खायला मिळत होतं.

"पिंजऱ्याजवळ दिवा किती वेळ असतो?" मी विचारलं.

"दिवाच नाही," सायली म्हणाली. "छोटी खिडकी आहे. उजेड गेला की अंधार."

मला एकदम हायसं वाटलं. "आणि वर?"

"वर काय, झोपेपर्यंत लाइट्स, टीव्ही," अलकाताई म्हणाल्या.

मग मी समजावलं. अंधारात मेंदूतून मेलाटोनिन नावाचं हार्मोन पाझरतं. रात्र मोठी झाली की ते जास्त वेळ पाझरतं, आणि त्यावरून या जातीच्या हॅम्स्टरचं शरीर हिवाळा ओळखतं. ती आपणहून कमी खाते, चरबी झडते, केस पांढरे होतात. शरीर लहान झालं की थोड्या खाण्यात भागतं. वरचीला दिव्यांमुळे अजून जुलैच वाटतोय.

"म्हणजे आजारी नाही?"

"नाही. आणि उपाशीही नाही."

अलकाताई ओशाळल्या. "सॉरी गं. रूमचं विसर." मग त्यांनी सायलीकडे नीट पाहिलं. "पण डॉक्टर, हीसुद्धा किती उतरलीय. हेही अंधारामुळेच?"

"माणसाचं तसं नसतं. तिलाच विचारा."

सायलीने मान खाली घातली. "किचन वर आहे ना, काकू. तुम्ही सगळे असता. यायला ऑकवर्ड वाटतं. मी खालीच दुधात कॉर्नफ्लेक्स खाते."

अलकाताईंनी पिंजरा उचलला आणि दुसऱ्या हाताने सायलीचा दंड धरला.

वसंतात हॅम्स्टर आपोआप भरली, करडीही झाली. हॅम्स्टरचं बरं असतं. माणसाला जेवायला हाक मारावी लागते.