मिठाचं पोतं

खांदा कॉलनीतल्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत तो माझ्या शेजारी बसायचा. मिठागरात राबलेल्या घरातला, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कुठलंही पात्र हलवण्याआधी तो उठून ते काम स्वतः करून पाहायचा. पाण्याचा भरलेला कॅन उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. सगळे हसत. मी जरा जास्तच हसायचो, कारण माझी चित्रं देखणी असत, पण माझी माणसं जमिनीवर उभी राहत नसत. त्याची राहत.

एकदा पडद्यावर माझा हमाल पोतं घेऊन चालत होता. त्याने मागून डोकावून विचारलं, "मास्तर, पोत्यात कापूस हाय का?"

"मीठ आहे," मी चिडून म्हणालो.

"मंग कंबर का नाय खचली त्याची? बसा माज्या पाठीवर."

मी नको नको म्हणत असताना त्याने मला पाठीवर घेतलं आणि टेबलांमधून चालला. "बगा, आदी गुडगा वाकतो. मंग कंबर कलते. पाय सावकाश येतो."

मला तरीही जमेना. शेवटी त्यानेच बसून माझा हमाल दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तो हमाल सगळ्यांना दाखवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "याला म्हणतात अनुभव!" मी मान लववली. सगळ्यात जोरात टाळ्या त्याने वाजवल्या, आणि मला त्याही सहन झाल्या नाहीत. महिन्याभरात मी त्याचा वरिष्ठ झालो. त्यानंतर त्याने माझ्या पडद्यात कधी डोकावलं नाही.

तो हमाल त्याचा होता. मी फक्त पोतं होतो.