आठ आणि सहा अक्षरांत मिलिंद

एक्क्याण्णव साली मी आणि मिलिंदने एकाच गाडीने नागपूर सोडलं. प्लॅटफॉर्मवर त्याची आई, आमची कमलमावशी, रडली नाही. वस्तीत भीमगीतं म्हणणारी बाई ती. डबा खिडकीतून आत देत म्हणाली, "एकमेकाला धरून राहा."

शिकागोत आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहून ग्रॅड स्कूल करायचो. खालच्या मजल्यावर मिस डोरा राहायची, चर्चमध्ये गाणारी काळी म्हातारी. तिने मिलिंदला तिच्या भजनांचं माप शिकवलं. एका ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. या मापाचे शब्द या मापाच्या कुठल्याही चालीवर बसतात. खुनाची जुनी गाणीही याच मापात आहेत, असं ती सांगायची. मिलिंद भांडी घासताना त्यात मराठी शब्द बसवायचा आणि म्हणायचा, यार, बघ कसं फिट होतं.

डेव्हन ॲव्हेन्यूजवळ ओळखीच्या एका काकांचं किराणा दुकान होतं. काका आजारी पडले म्हणून एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं काउंटरवर उभे राहिलो. एक माणूस आत आला आणि त्याने पिस्तूल काढलं. मिलिंदने गल्ला उघडून पुढे सरकवला. घे आणि जा, असं हसून सांगितलं. त्या माणसाने पैसे खिशात कोंबले आणि मग मिलिंदवर गोळी झाडली. मी अंगावर धावलो, तर पिस्तुलाचा दस्ता माझ्या जबड्यावर बसला. खाली पडलो तेव्हा तोंडात माझेच तुटलेले दात होते आणि समोर मिलिंद तांदळाच्या पोत्यावर आडवा पडला होता.

हॉस्पिटलमध्ये माझा जबडा तारांनी बांधला. मावशीचा फोन आला, पण मला बोलता येईना. मिस डोराने रिसीव्हर घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मावशी रडत होती आणि ही गात राहिली.

पुढे कोर्टात तो माणूस दिसला. त्याचा गळा आवळावा, असं वाटत होतं. घरी येऊन मी रक्त येईपर्यंत भिंतीवर मुठी मारल्या. आवाज ऐकून मिस डोरा वर आली. हातावर बर्फ धरून म्हणाली, "जे घडलं ते त्या मापात घाल. काही लपवू नकोस."

मी घातलं.

दुपार भरली होती
दुकान उघडे
मिलिंद हसून म्हणे
घे पैसे, जा पुढे

तरी सुटली ती गोळी
छातीत शिरली
तांदळाच्या पोत्यावर
लाली पसरली

नागपूरला गेलो तेव्हा मिस डोराच्या चालीवर हे मावशीला म्हणून दाखवलं. नातेवाईक चिडले. आईसमोर रक्ताचं काय गातोस, म्हणाले. मावशीने हात वर करून त्यांना गप्प केलं.

"सगळे मला सांगतात, जाताना त्याला काही कळलंच नाही. तू खरं सांगितलंस. पुन्हा म्हण, बाळा."

दुसऱ्यांदा तीही माझ्याबरोबर गायली.

आता मावशी नाही, मिस डोराही नाही. मी अमेरिकेतच, फ्रिस्को नावाच्या शहरात राहतो. तिकडे राहिलेले तुम्ही विचारता, परत कधी येणार. इथे आलेले तुम्ही विचारता, सेटल झालास ना. परवा मुलीने विचारलं, "बाबा, हू वॉज मिलिंद?" मी तिला जवळ बसवून सगळं गायलो. गोळीच्या ओळीला तिने माझा हात घट्ट धरला, पण थांबा म्हणाली नाही. माझं घर आता ते गाणं, तेवढंच आहे.